कानांनी वाचायचा जगाचा इतिहास

(पिंपरी येथील संत तुकाराम नगरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आपल्या भाषेत जाणत्या माणसाला 'बहुश्रुत' म्हणतात. ज्याने पुष्कळ ऐकले आहे, तो बहुश्रुत. नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणाचा. ज्या तुकोबांच्या नावाने हे नगर वसले, त्यांचे अभंग ऐकून लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे याच परिसरातील, चाकणचे. त्यांची समाधी येथून जवळच, सुदुंबऱ्याला आहे. तेव्हा ऐकून शिकता येते काय, हा प्रश्न या भूमीत विचारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो काय ऐकावे आणि ते कोणाकडून ऐकावे, हा. श्राव्य पुस्तकांच्या, म्हणजे ज्यांना आपण सर्रास ऑडिओ बुक म्हणतो त्यांच्या, साहाय्याने परदेशांचा इतिहास कसा समजून घेता येईल, याविषयी आज मी बोलणार आहे.

हा विषय पुण्याच्या एखाद्या ग्रंथालयात मांडण्यापेक्षा येथे मांडणे मला अधिक उचित वाटते. कारण परदेश येथे आपल्या दाराशी येऊन उभा आहे. पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना, आपला एच.ए., १९५४ साली स्थापन झाला तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. चिंचवडला बेअरिंग घडवणारी एसकेएफ मूळची स्वीडनची. चाकणला जर्मनीची फोक्सवॅगन आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार कोरियाच्या ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. पहाटे पहिल्या पाळीच्या बसगाड्या नाशिक फाटा, भोसरी, मोशी करीत चाकणकडे निघतात, तेव्हा त्यांत बसलेला आपला तरुण खरे तर तीन-चार राष्ट्रांच्या उंबरठ्यावर कामाला निघालेला असतो.

या राष्ट्रांविषयी त्याला काय ठाऊक असते? जर्मन साहेब वेळेचा पक्का, जपानी साहेब वाकून नमस्कार करणारा, कोरियन साहेब कामाला वाघ आणि जरा तापट. बस्स. ही माहिती चहाच्या सुट्टीत मिळते आणि चहाच्या सुट्टीपुरतीच असते. ज्यांच्याबरोबर आपण वर्षानुवर्षे काम करतो, ते लोक कोणत्या अग्निदिव्यातून आले आहेत, याचा आपल्याला पत्ता नसतो. येथे त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. आठ तास उभे राहून काम, वर जाण्या-येण्याचे दोन-अडीच तास. घरी आल्यावर चारशे पानांचा ग्रंथ उघडून बसा, असे त्याला सांगणारा माणूस एकतर निवृत्त असावा किंवा प्राध्यापक! परंतु ते दोन-अडीच तास त्याच्या कानांना मोकळे असतात. वाचक सावकाश वाचू लागला, तर मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्द होतात. म्हणजे लाखभर शब्दांचा ग्रंथ अकरा ते तेरा तासांत ऐकून होतो. कारखान्याच्या वाटेवर हा एका आठवड्याचा हिशेब आहे.

कोरियाची गोष्ट

उदाहरण म्हणून कोरिया घेऊ. हा देश मी मुद्दाम निवडतो आहे. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात आनंदाची लहर उठली. आशियातील एका राष्ट्राने युरोपातील महासत्तेला लोळवले, याचा जयजयकार मराठी वृत्तपत्रांनीही केला आणि त्या काळात तो स्वाभाविक होता. पण ज्या भूमीच्या स्वामित्वावरून हे युद्ध पेटले, त्यांत कोरिया होता. त्याच वर्षी जपानने कोरियाला आपल्या संरक्षणाखाली घेतले आणि १९१० साली तो देश गिळंकृत केला. आपल्या आजोबा-पणजोबांनी पहिला अध्याय ऐकला. दुसरा त्यांच्यापर्यंत तितक्या मोठ्या आवाजात पोहोचलाच नाही. आजही आपल्याकडे १९०५ चा जपान अभिमानाने सांगितला जातो. १९१० चा कोरिया कोणी सांगत नाही.

पुढचे ऐकले म्हणजे मराठी माणूस चमकतो. १ मार्च १९१९ रोजी कोरियन जनता स्वातंत्र्याची घोषणा करीत रस्त्यावर उतरली आणि तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १३ एप्रिलला, जालियनवाला बाग घडले. १९३८ नंतर तेथील शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होऊ लागली. १९४० पासून लोकांवर जपानी आडनावे घेण्याची सक्ती झाली. ज्या भाषेसाठी राजा सेजोंगने १४४६ साली नवी, सुबोध लिपी प्रसृत केली होती, ती भाषा आपल्याच शाळेत बोलणे हा गुन्हा ठरला. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपान शरण आला. म्हणून कोरियाचाही मुक्तिदिन १५ ऑगस्टच! आपल्याहून दोन वर्षे आधीचा. त्यांचीही मुक्ती अखंड राहिली नाही. देश दुभंगला, १९५० मध्ये युद्ध पेटले आणि १९५३ च्या जुलैमध्ये युद्धविराम झाला. शांततेचा करार आजतागायत झालेला नाही.

आता यात आपला एक धागा आहे. युद्धविरामानंतर मायदेशी परत जाण्यास नकार देणारे सुमारे २३ हजार चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी होते. त्यांना सांभाळण्याचे काम कोणत्याही पक्षाचा नसलेल्या देशाकडे द्यायचे होते. ते भारताकडे आले. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि प्रत्यक्ष कैद्यांच्या छावण्यांवर जी भारतीय सेना गेली, तिचे सेनापती होते आपल्या कोल्हापूर भागातील शंकरराव थोरात. छावणीतील कैद्यांत दोन तट, दोन्हींकडून दडपणे, आणि मधोमध भारतीय सैनिक. अशा स्थितीत शिस्त राखणे कठीण असते. थोरातांचे सैन्य ते काम करून परतले. तळेगावच्या कारखान्यात कोरियन अभियंत्याशेजारी उभ्या असलेल्या मराठी तरुणाने त्याला एवढे जरी सांगितले, तरी त्या दोघांमधील बोलण्याची पातळी बदलेल. 'ह्युंदाई' या शब्दाचा अर्थ 'आधुनिक'; १९४७ साली एका शेतकऱ्याच्या मुलाने बांधकामाच्या व्यवसायासाठी ते नाव घेतले आणि तीन वर्षांत युद्धाने सारे उद्ध्वस्त केले, हेही मग ओघाने येते.

स्वीडनचेही तसेच आहे. आज संपन्न, शांत म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या देशातून १८५० ते १९३० या काळात सुमारे तेरा लाख माणसे अन्नासाठी, जमिनीसाठी अमेरिकेला गेली. १८६७ ते १८६९ या वर्षांत तेथे दुष्काळ पडला होता. एसकेएफचा जन्म १९०७ मधला. गोथेनबर्गच्या कापडगिरणीत यंत्रांचे बेअरिंग सारखे बिघडत, त्यावर उपाय शोधणाऱ्या स्वेन विंगक्विस्ट या अभियंत्याच्या धडपडीतून ही कंपनी उभी राहिली. गिरणीतली ती अडचण चिंचवडच्या फिटरला जितकी चटकन समजेल, तितकी इतिहासाच्या प्राध्यापकाला समजणार नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगनची कथा मात्र अशी सुखावह नाही. नाझी राजवटीत १९३७ साली तिची स्थापना झाली, युद्धकाळात तेथे वेठबिगारांकडून काम करवून घेतले गेले, आणि युद्धानंतर ब्रिटिश सैन्यातील इव्हान हर्स्ट या मेजरने तो भग्न कारखाना पुन्हा चालू केला. जर्मन लोक हे आज लपवत नाहीत. आपणही ते ऐकले पाहिजे.

मराठीचा जुना परिपाठ

परक्या देशाचा इतिहास ऐकून आत्मसात करणे मराठी समाजाला नवे नाही. पारावर एकाने 'केसरी' वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, ही रीत आपल्या आजोबांनी पाहिली आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इंग्रजीतील कितीतरी ग्रंथ मराठीत आले. आणि सर्वांत ठळक उदाहरण आहे नाशिकचे. मित्रमेळ्याच्या साप्ताहिक बैठकांतून तरुण मुले देशोदेशींच्या स्वातंत्र्यलढ्यांवर बोलत आणि ऐकत. १९०४ मध्ये त्या संघटनेला 'अभिनव भारत' हे नाव मिळाले, ते इटलीच्या मॅझिनीने १८३१ मध्ये काढलेल्या 'तरुण इटली'च्या धर्तीवर. १९०६ साली सावरकर लंडनला गेले आणि त्यांनी पहिले मोठे काम केले ते मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद करण्याचे. त्याला त्यांनी स्वतःची विस्तृत प्रस्तावना जोडली. ग्रंथ लोकमान्य टिळक आणि 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांना अर्पण केला. १९०७ मध्ये ज्येष्ठ बंधू बाबाराव यांनी तो छापून घेतला. सरकारने त्यावर बंदी घातली. पण तोवर प्रस्तावना तरुणांच्या मुखोद्गत झाली होती! पुस्तक जप्त करता येते, पाठ झालेला मजकूर जप्त करता येत नाही.

या घटनेचा अभिमान आपल्याला आहेच. तथापि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या पिढीने इटलीतून स्वतःला हवे ते उचलले. गुलामीत पडलेल्या देशाला तेच करणे भाग होते. लाला लजपत रायांनी उर्दूत मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे लिहिली, गांधीजींनी 'हिंद स्वराज्य'मध्ये मॅझिनीचा वेगळा अर्थ लावला. ज्याला त्याला आपापला मॅझिनी सापडला. पण एकीकरणानंतर दक्षिण इटलीतील दरिद्री शेतकऱ्याचे काय झाले, उत्तरेच्या राजवटीविरुद्ध तेथे इतकी वर्षे रक्तपात का चालू राहिला, हे ऐकण्याची निकड त्यांना नव्हती. आपल्याला आहे. आपण आता स्वतंत्र राष्ट्र आहोत. दुसऱ्याच्या इतिहासात केवळ स्वतःचे प्रतिबिंब पाहत बसणे आता पुरणार नाही. तो त्यांचा म्हणून ऐकला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरही मराठीत हे काम थांबले नाही. वि. ग. कानिटकरांनी नाझी जर्मनी, माओचा चीन, इस्रायल, व्हिएतनाम यांवर एकामागून एक ग्रंथ लिहिले, अब्राहम लिंकनचे चरित्र लिहिले. 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' हे त्यांचे पुस्तक न वाचलेला चोखंदळ मराठी वाचक विरळा. प्रतिभा रानडे अफगाणिस्तानात राहून आल्या आणि त्यांनी त्यावर लिहिले. मीना प्रभूंनी इजिप्त, तुर्कस्थान, ग्रीस, इराण येथील प्रवासातून तेथील इतिहास हजारो घरांत पोहोचवला. ही आपली शिदोरी लहान नाही. ती कानांपर्यंत आणायची आहे.

डोळे गेलेल्यांनी दाखवलेली वाट

श्राव्य पुस्तक हा काही मोबाईलचा शोध नव्हे. पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकांची दृष्टी गेली, त्यांना प्रौढ वयात ब्रेल शिकणे जड जाई. त्यांच्यासाठी आणि इतर अंधांसाठी अमेरिकेत १९३४ च्या सुमारास आणि इंग्लंडमध्ये १९३५ साली तबकड्यांवरील 'बोलती पुस्तके' निघाली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावे. एका कादंबरीला दहा-दहा तबकड्या लागत. आपल्याकडे मुंबईच्या राष्ट्रीय अंध संघाने बोलत्या पुस्तकांचे ग्रंथालय उभारले. महाराष्ट्रभर किती गृहिणींनी, निवृत्त शिक्षकांनी अंध विद्यार्थ्यांसाठी घरातले पंखे बंद करून, खिडक्या लावून घेऊन कॅसेटवर पाठ्यपुस्तके वाचली असतील, त्याची कोठे नोंद नाही. मराठी श्राव्य पुस्तकांचे खरे पूर्वज ते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात अपंगांसाठी सुलभ रूपातील प्रती करण्यास सवलत मिळाली. २०१४ मध्ये त्याच विषयावरील माराकेश करारास मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे अशा पुस्तकांचे भांडार उभे राहिले.

व्यापारी कंपन्या नंतर आल्या. स्टोरीटेल ही कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात उतरली, तेव्हा तिने इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला मराठी निवडली. कंपनी कोठली, तर पुन्हा स्वीडनची! मराठी माणूस पैसे देऊन ऐकतो, हे परक्यांना आपल्याआधी कळले. असो.

या नव्या दालनात माझी तक्रार एकच आहे. कथा, कादंबऱ्या, चरित्रे, व्यक्तिमत्त्वविकास यांची रेलचेल आहे. 'जगाचा इतिहास' म्हणून पाहू गेले, तर जे प्रथम हाताला लागते ते हिटलर, मोसाद आणि दुसरे महायुद्ध. त्यावर कळस म्हणजे पार्श्वसंगीत. हेरगिरीच्या कथा रंजक असतात, मीही ऐकतो. परंतु इस्रायल म्हणजे केवळ मोसाद नव्हे. मृतप्राय झालेली हिब्रू भाषा त्या लोकांनी बाजारात, शाळेत, स्वयंपाकघरात पुन्हा बोलती कशी केली, ही कथा मराठीच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी आधी ऐकायला हवी. ती सहज हाती येत नाही. इंग्रजीत मात्र सारे आहे. लिब्रिवॉक्सवर २००५ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी वाचलेले हिरोडोटस, गिबन फुकट ऐकता येतात. मग होते असे की, इंग्रजी सराईतपणे कळणारा मुलगा जग ऐकतो आणि मराठी शाळेतून आलेला, आय.टी.आय. करून कारखान्यात लागलेला मुलगा हेरकथा ऐकतो. एकाच बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघांत ही दरी पडते आहे. मला काळजी आहे ती याची.

ऐकण्याचीही एक शिस्त असते. कानाला मागचे पान उलटता येत नाही. कादंबरीत एखादे नाव निसटले तर चालते, इतिहासात सारा संदर्भ निसटतो. म्हणून ऐकण्यापूर्वी त्या देशाचा नकाशा पाहून घ्यावा. शाळेच्या ॲटलासमधला पुरतो. एक प्रकरण संपले की, दुसरे लगेच लावू नये. घरी आल्यावर मुलाला किंवा नातवाला ते सांगावे. जे सांगता आले नाही, ते ऐकलेलेच नाही असे खुशाल समजावे. दीडपट वेगाने ऐकण्याची सोय असते, तिचा मोह इतिहासासाठी टाळलेला बरा. आणि मुख्य म्हणजे, आवाजाला भुलू नये. छापील पानाशी आपण वाद घालतो, समासात प्रश्नचिन्ह करतो. पण धीरगंभीर आवाजात कोणी सांगू लागला की, आपली शंका आपोआप मान टाकते. कोरियाचे १९१० एका जपानी लेखकाकडून ऐका आणि एका कोरियन लेखकाकडून ऐका. घटना त्याच, पण इतिहास दोन. त्या दोन देशांत पाठ्यपुस्तकांवरून आजही वाद होतात. दोन्ही बाजू ऐकणारा श्रोताच स्वतःचे मत बनवू शकतो.

आता शेवटी कामाचे बोलतो. असे श्राव्य ग्रंथ या नगरात तयार होऊ शकतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचे स्वतंत्र लेखन २०११ पासून सर्वांना मुक्त आहे. अनुवाद असेल, तर मूळ लेखकाचा हक्कही पाहावा लागतो. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी गेले आणि मॅझिनी १८७२ मध्ये. म्हणजे तो १९०७ चा ग्रंथ १ जानेवारी २०२७ पासून कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. वाईच्या मराठी विश्वकोशात एकेका देशावर नोंद आहे आणि तीत इतिहासाचा स्वतंत्र भाग आहे. मंडळाची रीतसर अनुमती घेऊन त्यातील जर्मनी, जपान, कोरिया, स्वीडन या नोंदी प्रथम वाचून काढाव्यात, अशी माझी सूचना आहे. एकेक नोंद एका फेरीत ऐकून होईल. अर्थात नोंद छापल्यानंतर त्या देशात जे घडले, ते शेवटी जोडावे लागेल.

वाचणाऱ्यांची येथे वाण नाही. आचार्य अत्रे रंगमंदिर ज्या नगरात आहे, तेथे नाटकवेडी माणसे असणारच. कठीण आहे ते नावांचे. आपल्या जुन्या पुस्तकांत परदेशी नावे इंग्रजी स्पेलिंगवरून छापलेली असतात. डोळ्यांना ते खपून जाते, कानाला खपत नाही. जर्मन माणूस 'फोल्क्सवागन' म्हणतो, कोरियन माणूस 'ह्यॉन्दे' म्हणतो. यासाठी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकलेली, आता या पट्ट्यातील कंपन्यांत दुभाष्याचे काम करणारी मुले-मुली आपल्या ओळखीत असतील, त्यांना गाठावे. प्रत्येक नोंदीतील नावांची यादी त्यांच्याकडून तपासून घ्यावी आणि मगच ध्वनिमुद्रणाला बसावे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जर्मन, जपानी वा कोरियन जाणणारे कोणी असेल, त्यांनी जाण्यापूर्वी दाराजवळच्या वहीत नाव लिहावे. सुरुवात कोरियापासून करू.